मुंबईतील वस्तीचा दवाखाना : 'फॅमिली डॉक्टर' या संस्थेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबई शहराचा वैद्यकीय इतिहास बहुधा रुग्णालयांच्या अंगाने लिहिला जातो. जमशेटजी जीजीभाई रुग्णालय, कामा रुग्णालय, के. ई. एम., नायर, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय ही त्या इतिहासाची ठळक ठिकाणे होत. त्यांच्या मागे दानशूर घराणी, सरकारी ठराव, वार्षिक अहवाल आणि शिलालेख आहेत. साहजिकच इतिहासकाराला तेथे साधने सहज मिळतात. परंतु या शहरातील सामान्य माणूस ताप आल्यावर प्रथम जेथे गेला, ती जागा मात्र बहुतांशी नोंदीबाहेर राहिली. चाळीच्या तळमजल्यावरील एक खोली, बाहेर लाकडी बाक, अर्ध्या उंचीचे झुलते दार आणि आत एक डॉक्टर, एवढेच तिचे स्वरूप. या खोलीला लोक 'दवाखाना' म्हणत आणि तेथे बसणाऱ्याला 'आमचे डॉक्टर' म्हणत. 'फॅमिली डॉक्टर' हा शब्दप्रयोग मराठी मध्यमवर्गात इतका रुळला की त्याला मराठी पर्याय शोधण्याची गरजही कोणाला फारशी भासली नाही.

प्रस्तुत लेखात या वस्तीच्या दवाखान्याचा, १८४५ पासून २०२२ पर्यंतच्या कालखंडात, एक सामाजिक संस्था म्हणून विचार केला आहे. लेखासमोर प्रामुख्याने तीन प्रश्न आहेत. पहिला, ही संस्था कोणत्या शैक्षणिक, कायदेशीर व आर्थिक परिस्थितीतून निर्माण झाली? दुसरा, शहराच्या सार्वजनिक आरोग्याशी तिचे नाते कसे होते? तिसरा, तिचा ऱ्हास कोणत्या कारणांनी झाला? अभ्यासाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. शासनव्यवस्थेने या दवाखान्याची सेवा संकटकाळी वारंवार वापरली, परंतु आरोग्यव्यवस्थेच्या रचनेत त्याला निश्चित स्थान क्वचितच दिले, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

ग्रँट मेडिकल कॉलेज आणि पहिले खासगी डॉक्टर

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये निवर्तले होते; त्यांचे नाव या संस्थेला देण्यात आले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय शेजारीच होते. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे या तुकडीतील दोन विद्यार्थी पुढे महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात मान्यता पावले. भाऊ दाजी प्राच्यविद्येचे अभ्यासक म्हणून, तर आत्माराम पांडुरंग १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक म्हणून ओळखले जातात. तथापि दोघांचाही मूळ व्यवसाय वैद्यकीचा होता. भाऊ दाजींनी आपले बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह धर्मार्थ दवाखाना चालविला आणि कुष्ठरोगावर देशी वनस्पतीच्या आधारे उपचार करण्याचा प्रयत्न केला.

या पहिल्या पिढीचे वैशिष्ट्य असे की, पाश्चात्त्य वैद्यकशास्त्र रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, लोकांच्या घरांपर्यंत नेण्याचे काम तिने केले. रुग्णालय ही त्या काळी सामान्यांना भीती वाटणारी जागा होती. सोवळेओवळे, जातिभेद, परक्या हातचे अन्नपाणी आणि मृत्यूनंतरच्या संस्कारांची चिंता ही कारणे त्यामागे होती. आपल्याच भाषेत बोलणारा, आपल्या चालीरीती जाणणारा, घरी येऊन नाडी पाहणारा डॉक्टर मात्र वैद्याच्या जागी सहज स्वीकारला गेला. म्हणजेच खासगी डॉक्टराला समाजात जी जागा मिळाली ती वैद्य व हकीम यांनी आधीच तयार करून ठेवलेली होती. औषध नवे होते, नाते जुने होते. डॉक्टराच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या 'हातगुणा'वर लोकांचा विश्वास असे, हे त्या नात्याचेच द्योतक होय.

१८९६ : मांडवीतील निदान

वस्तीच्या डॉक्टराचे सार्वजनिक महत्त्व सर्वप्रथम स्पष्ट झाले ते १८९६ च्या प्लेगच्या साथीत. मूळचे गोव्यातील हडफडे येथील आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा मांडवी भागात खासगी व्यवसाय होता. मुंबई महानगरपालिकेचे ते सदस्यही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये त्या भागातील रुग्णांना पाहताना, हा ताप ग्रंथिज्वर म्हणजेच प्लेगचा आहे, असे निदान त्यांनी केले आणि ते जाहीरपणे मांडले. मुंबईसारख्या बंदरासाठी हा शब्द उच्चारणे म्हणजे व्यापारावर संकट ओढवून घेणे होते. युरोपीय राष्ट्रांनी १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे आरोग्य परिषद भरवून मुंबईकडून येणाऱ्या जहाजांबाबत विचार केला, यावरून त्या शब्दाचे वजन लक्षात येते.

या घटनेकडे केवळ एका डॉक्टराचे कर्तृत्व म्हणून पाहणे अपुरे ठरेल. येथे महत्त्वाची बाब अशी की, साथीचे पहिले निदान सरकारी रुग्णालयात अथवा आरोग्य खात्याच्या कार्यालयात झाले नाही. ते वस्तीत, रुग्णाच्या अंथरुणाजवळ झाले. एकाच आळीत, एकाच प्रकारची लक्षणे, थोड्या दिवसांच्या अंतराने पाहणारा माणूसच असे निदान करू शकत होता. त्या आळीतील घरे, गोदामे, धान्याचे व्यवहार आणि माणसे त्याच्या परिचयाची होती. हे ज्ञान पुस्तकी नव्हते. ते परिचयातून आलेले होते.

यानंतर शासनाने घेतलेली दिशा मात्र वेगळी होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये महानगरपालिका आयुक्तांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे व्यापक अधिकार जाहीर केले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि हा आदेश पुढे शिथिल करावा लागला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. घरोघरी झडत्या, रुग्णांचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ या उपायांमुळे लोकांत भय निर्माण झाले आणि मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली. त्यानंतर प्रशासनाने सक्ती कमी करून समाजनिहाय रुग्णालये, स्थानिक पुढारी आणि भारतीय डॉक्टर यांचे साहाय्य घेण्याचे धोरण अधिक प्रमाणात स्वीकारले. अर्थात, ज्या विश्वासावर वस्तीतील डॉक्टराचे काम चालत होते, त्या विश्वासाचे मोल प्रशासनाला अनुभवाअंती कळले. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी खाली आली होती. मृत्यू आणि स्थलांतर ही दोन्ही कारणे त्यामागे होती.

नोंदणी, पदवीधर आणि लायसेन्शिएट

विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर कोणाला म्हणावे हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय अधिनियमाने पाश्चात्त्य वैद्यकाच्या पात्र व्यावसायिकांची नोंदवही अस्तित्वात आली. त्याच वर्षी कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ऑफ बॉम्बे ही परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली. तिची एल. सी. पी. एस. ही पात्रता मिळविणारे 'लायसेन्शिएट' विद्यापीठाच्या पदवीधरांपेक्षा कमी खर्चात शिकलेले असत. असहकाराच्या चळवळीच्या काळात १९२१ मध्ये मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज सुरू झाले. ते पुढे टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज या नावाने नायर रुग्णालयाशी जोडलेले राहिले. १९२६ मध्ये परळ येथे के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय कार्यान्वित झाले. सरकारी नोकरीत नसलेले पात्र भारतीयच येथे अध्यापक असावेत, ही देणगीदारांची अट होती.

या संस्थांचा वस्तीच्या दवाखान्याशी थेट संबंध आहे. सरकारी वैद्यकीय सेवेतील वरिष्ठ जागा बव्हंशी इंडियन मेडिकल सर्व्हिसकडे राखीव असल्याने भारतीय डॉक्टराला खासगी व्यवसाय हाच मुख्य मार्ग होता. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, माझगाव येथील वाढत्या वस्त्यांनी त्याला रुग्ण पुरविले. सर्व देशाचा विचार करता, १९४६ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या भोर समितीसमोर सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांचा आकडा होता. त्यांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. म्हणजे देशातील वैद्यकसेवेचा मोठा भार या कमी प्रतिष्ठेच्या वर्गावर होता.

भोर समितीने बहुमताने हा दुय्यम अभ्यासक्रम बंद करून एकच 'मूलभूत डॉक्टर' घडविण्याची शिफारस केली. समितीतील काही सदस्यांनी या मताला भिन्नमतपत्रिका जोडली होती. डॉक्टर हा केवळ रोग बरा करणारा नसावा, तर तो समाजाच्या आरोग्याचा मार्गदर्शक, 'सामाजिक वैद्य' असावा, अशी समितीची कल्पना होती. ही कल्पना उदात्त होती यात शंका नाही. परंतु प्रत्यक्षात लायसेन्शिएट वर्ग संपला आणि त्याच्या जागी आलेला पदवीधर मोठ्या रुग्णालयात, विशेषज्ञांच्या हाताखाली घडला. वस्तीत व्यवसाय कसा करावा याचे शिक्षण त्याला कोणत्याही विभागात मिळाले नाही. ज्या कामासाठी त्याला तयार करावयाचे होते, ते काम अभ्यासक्रमातच नव्हते.

चाळीतील दवाखाना : रचना व व्यवहार

विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईतील दवाखान्याची रचना बऱ्याच अंशी ठरावीक होती. बाहेरच्या भागात रुग्णांचे बाक, मध्ये लाकडी आडोसा, एका बाजूला डॉक्टरांचे टेबल व तपासणीची खाट, दुसऱ्या बाजूला कंपाउंडरची खिडकी. औषध दवाखान्यातच तयार होई. रुग्ण घरून रिकामी बाटली आणी. तिच्यात मिश्रण भरून, मात्रेच्या खुणा कापलेली कागदी पट्टी बाहेर चिकटवली जाई. खलात कुटलेल्या भुकट्यांच्या पुड्या कागदात बांधून मिळत. डॉक्टराची तपासणी व औषध यांचे पैसे एकत्रच घेतले जात. सल्ल्याचे वेगळे मूल्य असते ही कल्पना रुजलेली नव्हती. घरी जाऊन रुग्ण पाहण्यास 'व्हिजिट' म्हणत व तिचे पैसे वेगळे असत.

या व्यवहाराच्या मर्यादा उघड आहेत. बाटलीतील लाल औषधात काय आहे हे रुग्णाला कळत नसे. नोंदी अपुऱ्या असत. केसपेपर अनेक ठिकाणी नसेच. डॉक्टराची स्मरणशक्ती हीच नोंदवही होती. परंतु याच स्मरणात या संस्थेचे सामर्थ्यही होते. आजीचा दमा, मुलाचे अपस्मार, सुनेचे दुसरे बाळंतपण, कर्त्या पुरुषाची नोकरी सुटलेली असणे हे सर्व एकाच माणसाला ठाऊक असे. त्यामुळे निदान हे केवळ लक्षणांवरून होत नसे. घराच्या परिस्थितीवरून होई. औषधांचे पैसे उधार राहत, क्वचित सोडलेही जात. लग्नाच्या स्थळापासून मुलाच्या शिक्षणापर्यंत डॉक्टरांचा सल्ला घेतला जाई. त्यात वडीलकीची, कधी अरेरावीचीही छटा होती. ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र रोगापेक्षा रोग्याला ओळखणे हा गुण आधुनिक कुटुंबवैद्यकशास्त्र आज ज्याला आपले तत्त्व मानते, तो या खोलीत व्यवहाराने आलेला होता.

या रचनेत पहिला मोठा बदल प्रतिजैविकांमुळे झाला. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. तयार गोळ्या व इंजेक्शने यांनी मिश्रणाची जागा घेतली. खल, मोजपात्रे आणि कंपाउंडर हळूहळू मागे पडले. औषध दवाखान्यातून शेजारच्या औषधांच्या दुकानात गेले, आणि त्याबरोबर रुग्णाचा दवाखान्याशी असलेला एक धागा सैल झाला.

गिरणगाव, कामगार विमा आणि पॅनेल डॉक्टर

शासनाने वस्तीच्या दवाखान्याला व्यवस्थेत स्थान देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न कामगार राज्य विमा योजनेतून झाला. १९४८ च्या अधिनियमान्वये आलेली ही योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये मुंबईत लागू झाली. अनेक ठिकाणी योजनेने स्वतःचे दवाखाने उघडले. मुंबईत मात्र 'पॅनेल' पद्धत अवलंबिण्यात आली. खासगी डॉक्टराचे नाव पॅनेलवर घेतले जाई, कामगार आपल्या पसंतीच्या डॉक्टराकडे नाव नोंदवी आणि डॉक्टराला माणशी ठरावीक वार्षिक रक्कम मिळे.

तत्त्वतः ही पद्धत दूरदृष्टीची होती. रुग्णाला निवडीचे स्वातंत्र्य, डॉक्टराला स्थिर उत्पन्न आणि शासनाला तयार यंत्रणा, असा तिहेरी लाभ त्यात होता. व्यवहारात तिच्यात ताण निर्माण झाले. ठरलेली रक्कम तुटपुंजी असल्याने रोख पैसे देणारा रुग्ण व पॅनेलचा रुग्ण असा भेद होण्यास वाव राहिला. त्याहून गुंतागुंतीचा प्रश्न आजारपणाच्या दाखल्याचा होता. कामगाराला रजेचा मोबदला डॉक्टराच्या सहीवर अवलंबून होता. त्यामुळे डॉक्टर हा एकाच वेळी रुग्णाचा विश्वासू आणि व्यवस्थेचा पहारेकरी झाला. साचेखात्यातील दमट हवेत आणि कापसाच्या तंतूंनी भरलेल्या खात्यात काम करणाऱ्या माणसाचा खोकला हा आजार आहे की सबब, याचा निवाडा त्याला करावा लागे.

दवाखान्यातून कामगारांच्या जीवनाकडे पाहण्याची ही दृष्टी किती दूरवर नेऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे डॉ. दत्ता सामंत होत. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या सामंतांचा घाटकोपर येथे सामान्य वैद्यकीय व्यवसाय होता. त्यांच्याकडे येणाऱ्यांत दगडखाणीतील मजूर होते. त्यांच्या दुखण्यांचे मूळ औषधाच्या आवाक्याबाहेर आहे, या जाणिवेतून ते कामगार चळवळीकडे वळले. १८ जानेवारी १९८२ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सामंतांच्या राजकीय भूमिकेविषयी मतभेद आहेत आणि राहतील. तथापि व्हिएगस यांना मांडवीत रोग दिसला आणि सामंतांना घाटकोपरात रोगाचे सामाजिक कारण दिसले, ही दोन्ही निरीक्षणे एकाच प्रकारच्या खोलीत झाली, हे लक्षणीय आहे. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. गिरणगावातील मजुरीवर उभे असलेले सर्वच छोटे व्यवसाय अडचणीत आले आणि पॅनेल पद्धतीचा मूळ आधार असलेला संघटित कामगारच कमी झाला.

पॅथींचा प्रश्न

वस्तीच्या दवाखान्याचा इतिहास केवळ ॲलोपॅथीचा नाही. १९३८ च्या मुंबई वैद्यकीय व्यावसायिक अधिनियमाने आयुर्वेद व युनानी चिकित्सकांच्या नोंदणीची तरतूद केली. १९४१ मध्ये वरळी येथे पोदार आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. १९६१ च्या महाराष्ट्र अधिनियमाने ही व्यवस्था पुढे चालविली. एम. बी. बी. एस. झालेले तरुण जसजसे विशेषज्ञतेकडे वळले, तसतशी उपनगरे व झोपडपट्ट्या यांतील दवाखान्यांची जागा आयुर्वेद, युनानी व होमिओपॅथीच्या पदवीधरांनी घेतली. तेथे येणाऱ्या रुग्णाची अपेक्षा मात्र गोळी व इंजेक्शनाचीच होती.

कायदा या वस्तुस्थितीच्या मागून चालत राहिला. नोव्हेंबर १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचनेद्वारे विशिष्ट वर्गातील आयुर्वेद व युनानी पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात, होमिओपॅथीची पात्रता असताना ॲलोपॅथीचे उपचार करणे हा स्वयमेव निष्काळजीपणा ठरतो, असा निर्णय दिला. २०१४ मध्ये राज्याने होमिओपॅथी पदवीधरांसाठी आधुनिक औषधशास्त्राच्या पूरक अभ्यासक्रमाचा मार्ग कायद्याने खुला केला. या धोरणांवर वैद्यकीय संघटनांत तीव्र वाद झाले. त्या वादात बहुधा हक्कांची चर्चा झाली. गरीब वस्तीत पात्र डॉक्टर का बसत नाही, हा मूळ प्रश्न तुलनेने बाजूला राहिला.

क्षयरोग : एकाकी दवाखान्याची किंमत

व्यवस्थेपासून तुटलेल्या दवाखान्याची किंमत काय असते हे क्षयरोगाच्या अभ्यासांतून दिसून आले. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपलेकर व सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्टीतील खासगी डॉक्टरांच्या औषधयोजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे शंभर डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० वेगवेगळ्या उपचारयोजना लिहिल्या होत्या. जवळपास दोन दशकांनंतर, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी धारावीतील डॉक्टरांविषयीचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या आणि त्यांपैकी केवळ ६ जणांची योजना योग्य होती.

हे आकडे डॉक्टरांच्या अज्ञानाचे पुरावे म्हणून वारंवार उद्धृत होतात. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचा आणखी एक अर्थ आहे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ पासून अस्तित्वात होता. सुधारित कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. म्हणजे शासनाला योग्य उपचार माहीत होते. रुग्ण खोकला घेऊन प्रथम खासगी दवाखान्यात जातो, हेही अज्ञात नव्हते. या दोहोंमध्ये पूल मात्र उशिरा बांधला गेला. क्षयरोगाची नोंद कळविणे खासगी डॉक्टरांना २०१२ मध्ये बंधनकारक झाले आणि २०१४ पासून मुंबईत खासगी डॉक्टरांना कार्यक्रमाशी जोडणारा विशेष प्रकल्प राबविण्यात आला. दरम्यानच्या काळात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे मुंबई हे एक प्रमुख केंद्र बनले होते. चुकीची औषधयोजना हे त्याचे एकमेव कारण नव्हे; दाट वस्ती, कोंदट घरे, कुपोषण आणि अर्धवट सोडलेले उपचार हीही कारणे आहेत. तरीही शंभर खोल्यांत शंभर डॉक्टर एकमेकांपासून व शासनापासून अलग बसले, याचा वाटा त्यात नाकारता येत नाही.

ऱ्हासाची कारणे

फॅमिली डॉक्टराच्या ऱ्हासाचे खापर बहुधा बदललेल्या मूल्यांवर फोडले जाते. 'पूर्वीसारखे डॉक्टर राहिले नाहीत' हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. परंतु कारणे मुख्यतः रचनात्मक आहेत. पहिले कारण शिक्षणाचे आहे. पदव्युत्तर शिक्षण विशेषज्ञतेभोवती उभे राहिले आणि सामान्य वैद्यकी ही प्रवेश न मिळालेल्यांची वाट मानली जाऊ लागली. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात कुटुंबवैद्यकशास्त्रातील विशेषज्ञांची गरज मान्य करण्यात आली. पण वैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय व्यापकपणे रुजला नाही.

दुसरे कारण जागेचे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छायेत चाळीतील दवाखाने नाममात्र भाड्यात चालले. चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यावर नव्या डॉक्टराला तशी जागा परवडेनाशी झाली. तिसरे कारण कायद्याचे आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असे स्पष्ट केले. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यकच होता. मात्र त्यानंतर 'थोडे थांबून पाहू' असे म्हणण्याचे डॉक्टराचे धैर्य कमी झाले आणि तपासण्यांकडे कल वाढला. चौथे कारण अर्थव्यवस्थेचे आहे. १९८६ पासून आलेल्या मेडिक्लेमसारख्या विमा योजनांनी मुख्यतः रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलला. दवाखान्यात वेळीच मिळालेल्या सल्ल्याला विम्याच्या हिशेबात किंमत उरली नाही.

२०२० नंतर

मार्च २०२० मध्ये कोविड साथीची टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा मुंबईतील अनेक खासगी दवाखाने बंद झाले. लहान खोली, संरक्षक साधनांचा अभाव आणि डॉक्टरांचे वय ही त्यामागची कारणे होती. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळल्यानंतर मात्र तेथील स्थानिक खासगी डॉक्टर महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांबरोबर घरोघरी तपासणीसाठी उतरले. परक्या पथकाला बंद राहणारी दारे ओळखीच्या डॉक्टराला उघडली गेली. १८९८ नंतर प्रशासनाने जो धडा घेतला होता, त्याचीच ही पुनरावृत्ती होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने 'आपला दवाखाना' ही योजना सुरू केली. वस्तीजवळ, कामावरून परतणाऱ्यांना सोयीच्या वेळेत मोफत तपासणी, औषधे व चाचण्या देणे हा तिचा हेतू आहे. प्राथमिक उपचार वस्तीतच मिळावेत, हे तत्त्व यातून मान्य झाले. परंतु दवाखाना उघडणे आणि 'आमचे डॉक्टर' निर्माण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली निधीने होते. दुसरीसाठी तोच डॉक्टर त्याच खोलीत अनेक वर्षे बसावा लागतो.

निष्कर्ष

१. वस्तीचा दवाखाना ही पाश्चात्त्य वैद्यकाची केवळ शाखा नव्हती. वैद्य व हकीम यांच्या सामाजिक स्थानावर नव्या शास्त्राने केलेले ते कलम होते. म्हणूनच रुग्णालयांपेक्षा तो लोकांना लवकर आपला वाटला.

२. साथी व औद्योगिक आजार यांची पहिली चाहूल अनेकदा याच ठिकाणी लागली. तथापि ती चाहूल व्यवस्थेपर्यंत पोहोचविणारी कायमस्वरूपी यंत्रणा दीर्घकाळ उभारली गेली नाही.

३. भोर समितीनंतर लायसेन्शिएट वर्ग संपला. मात्र त्याचे काम करणारा, त्यासाठीच शिकविलेला डॉक्टर घडविला गेला नाही. पुढील सर्व पॅथी-वादांचे मूळ या पोकळीत आहे.

४. पॅनेल पद्धत हा खासगी दवाखाना व सार्वजनिक व्यवस्था यांना जोडणारा मोलाचा प्रयोग होता. त्याच्या अपयशापेक्षा त्याच्या तत्त्वाचा आज अधिक अभ्यास होणे आवश्यक आहे.

५. क्षयरोगाचे अभ्यास व कोविड काळातील धारावीचा अनुभव एकत्र पाहिल्यास असे म्हणता येते की, एकाकी दवाखाना धोकादायक ठरू शकतो आणि व्यवस्थेशी जोडलेला तोच दवाखाना शहराचे रक्षण करू शकतो.

मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोर डॉ. व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. तेथून रोज हजारो माणसे जातात. शहराने आपल्या एका वस्तीच्या डॉक्टराचे स्मारक केले, हे उचितच झाले. त्या डॉक्टराला जे ज्ञान ज्या खोलीत मिळाले, ती खोली टिकविण्याचे काम मात्र अद्याप शिल्लक आहे. जुन्या दवाखान्यांतील केसपेपर, हिशेबाच्या वह्या व औषधांच्या नोंदी पुनर्विकासाच्या ढिगाऱ्यात नष्ट होत असताना, रुग्णांची गोपनीयता राखून त्या जतन करणे व वयोवृद्ध डॉक्टर, कंपाउंडर आणि रुग्ण यांच्या आठवणी नोंदविणे, हे महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे कार्य आहे. ते या पिढीत झाले नाही, तर पुढील पिढीला या संस्थेविषयी विचारण्यासाठी कोणी उरणार नाही.